हत्यार लोहाराचें, दुकान दुसऱ्याचें

बंदुकांचें दुकान काढण्याचा परवाना आमच्या लोहार-सुतारांच्या मुलांनीं मागावा, असें आम्ही पारावर बोललों तेव्हां गांवचे चार शहाणे चमकले. एक म्हणाले, मास्तर, पोरांना पाढे शिकवा, बंदुका कसल्या शिकवितां? दुसऱ्यांनीं सांगितलें कीं लोहारानें फाळ शेवटावे, विळ्यांना धार द्यावी. पेठेंत गादीवर बसणें हा त्याचा धर्म नव्हे. बाकीचे कांहींच बोलले नाहींत, नुसते मिशींतल्या मिशींत हंसले. पहिल्या दोघांची समजूत घालतां येते. त्या हंसण्याचा मात्र आम्हांस राग आला, कारण त्यांत शेंकडों वर्षांचा हिशेब आहे.

वाचकहो, जिल्ह्याच्या पेठेंत बंदुकांचें दुकान पाहिलें असेल तर आठवा. पुढें कांचेचें कपाट, भिंतीवर परवान्याची चौकट, गादीवर मालक. मालकाच्या हाताला कानशीचा घट्टा नाहीं कीं तेलाचा डाग नाहीं. मागल्या खोलींत मात्र एक जण वांकून बसलेला असतो. नळींतला गंज तो काढतो, ढिला चाप तो बसवितो, फुटलेल्या दस्त्याच्या जागीं नवा दस्ता तो घडवितो. त्याची जात विचारूं नका. विचारण्याची गरजच नाहीं. लोहार नाहीं तर सुतार, जिनगर नाहीं तर शिकलगार. सगळें दुकान त्याच्या दोन हातांवर उभें, आणि त्याच्या पदरांत पडतो तो रोजमुरा. मालक वारला कीं परवान्याचा अर्ज मुलाचा, मुलानंतर नातवाचा. कुळकर्णी वतन कोल्हापुरांत १९१८ सालीं आणि मुंबई राज्यांत १९५० च्या कायद्यानें गेलें, असें आम्ही शाळेंत शिकवितों. पेठेंतून फिरतांना तें गेल्यासारखें वाटत नाहीं.

हें असें कां झालें? १८७८ सालीं व्हाइसरॉय लिटनसाहेबानें एकाच वर्षांत दोन बेड्या घडविल्या. एक देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांसाठीं, दुसरी हत्यारांसाठीं. पहिलीविरुद्ध लेखणीवाल्यांनीं आकाशपाताळ एक केलें, आणि तें योग्यच केलें; १८८२ सालीं ती तुटली. दुसरी पुढें १९५९ चा नवा कायदा होऊन तो १ ऑक्टोबर १९६२ रोजीं अंमलांत येईपर्यंत राहिली. राष्ट्रसभेनें १८८७ च्या मद्रासच्या बैठकींत हत्यारांच्या कायद्याबद्दल ठराव केला होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्या कायद्याची झळ निरनिराळ्यांना निरनिराळी लागली. गोऱ्या साहेबाला सुरवातीस परवानाच नको; राजेरजवाडे, मोठे मानकरी यांनाही सूट. शिकलेल्या वर्गाला दुःख तें हें कीं साहेबाला आहे तें आपल्याला कां नाहीं. त्यांचा मान दुखावला. लोहाराची भट्टी विझली. बंदूक बाळगणें तेवढें नव्हे, ती घडविणें आणि विकणें हेंही त्या कायद्यानें परवान्याच्या कुलुपांत ठेवलें होतें, आणि किल्ली कचेरींत.

आतां आजचा कायदा पाहूं. भिऊं नका, सावकाश वाचा, आणि घरांत ज्याला वाचतां येत नसेल त्याला मोठ्यानें वाचून दाखवा.

१९५९ च्या हत्यार कायद्याचें पांचवें कलम म्हणतें कीं बंदूक घडविणें, विकणें, विक्रीसाठीं ठेवणें, तिच्यांत फेरबदल करणें, दुरुस्त करणें, यांतलें कांहींही परवान्याशिवाय करूं नये. ‘दुरुस्त करणें’ हा शब्द दोनदां वाचा. रात्रीं कोणी शेतकरी ठासणीची बंदूक गोणपाटांत गुंडाळून आणतो आणि म्हणतो, दादा, एवढा चाप बसवून दे, डुकरांनीं सगळा मका लोळविला. लोहार भिडेस्तव बसवून देतो. मोबदला पायलीभर जोंधळे. ह्या पायलीची किंमत काय? २०१९ च्या दुरुस्तीपासून अशा कामाला कमींत कमी सात वर्षें कैद, आणि वर जन्मठेपेपर्यंत. बंदूक परवान्याची असली तरी दुरुस्तीचा परवाना लोहाराजवळ नसेल तर लोहार गुन्हेगार. शेजारधर्म म्हणून केलें, हें कोर्टांत चालत नाहीं. तेंच काम, त्याच हातांनीं, परवान्याची चौकट भिंतीवर लावून केलें तर तो अब्रूचा धंदा आहे.

मग परवाना मिळतो कोणाला? येथें आमच्या लोकांना पिढ्यान् पिढ्या एक थाप मारली गेली आहे. वाडा, जमीन, पैसा ज्याच्याजवळ, त्यालाच म्हणे बंदुकीचा कागद मिळतो. चौदाव्या कलमाचें दुसरें पोटकलम उघडून पाहा. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्याच कारणावरून कोणासही परवाना नाकारतां येणार नाहीं, असें तेथें स्पष्ट लिहिलें आहे. पार्लमेंटनें हें १९५९ सालीं लिहिलें. आमच्या गांवांत अजून पोंचलें नाहीं. त्याच्या पुढचें पोटकलम सांगतें कीं परवाना नाकारायचा तर त्याचीं कारणें लिहून ठेवावीं आणि अर्जदारानें मागितल्यास तीं त्याला थोडक्यांत द्यावीं. सार्वजनिक हिताला बाध येतो असें अधिकाऱ्यास वाटेल तेव्हांच तीं न देण्याची मुभा. अठराव्या कलमानें वर अपील आहे. तेराव्या कलमाप्रमाणें जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवितात, आणि तो ठरल्या मुदतींत आला नाहीं तर आणखी वाट न पाहतां निकाल देण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास आहे. तेव्हां ‘ठाण्यावरून कागद आला नाहीं, आम्ही काय करणार’ हें उत्तर कोणी दिलें तर तें अर्धेंच उत्तर आहे हें ओळखा.

अडचणीचींही कलमें सांगितलीं पाहिजेत, नाहीं तर आम्हीही थापाडेच. वय एकवीस वर्षांचें हवें. मारामारीच्या किंवा नीतिभ्रष्टतेच्या गुन्ह्यांत कैद भोगली असेल तर शिक्षा संपल्यापासून पांच वर्षें नांव काढूं नये. डोकें ठिकाणावर नसलेल्याला परवाना नाहीं. सार्वजनिक शांततेला धोका वाटला तरी नाहीं, आणि हें शेवटचें कारण रबरासारखें ताणतां येतें, हेंही ध्यानांत ठेवा. दुकानाला जागा पक्की, माल ठेवण्याची खोली मजबूत कुलुपाची. आलेली प्रत्येक बंदूक, गेलेलें प्रत्येक काडतूस वहींत उतरलें पाहिजे. गिऱ्हाइकाचा परवाना पाहिल्याशिवाय विक्री नाहीं. मोकळी बारूद विकायची तर १८८४ च्या स्फोटक पदार्थांच्या कायद्याखालीं निराळा परवाना. वहींत दहा काडतुसें आणि कपाटांत नऊ, असें आढळलें कीं दुकानदाराची झोंप उडाली. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे; तेथें कुणब्या-माळ्यांचीं, बलुतेदारांचीं मुलें कामाला गेलीं, काडतुसें मोजून भरलीं. मोजणें आपल्याला येत नाहीं असें कोण म्हणतो? मालकासाठीं मोजतां येतें, मग स्वतःसाठीं मोजतांना हात कां कांपावा?

आमच्या ओळखीचा एक लोहाराचा मुलगा, आय.टी.आय.मध्यें फिटरचें काम शिकलेला, दुरुस्तीच्या परवान्याची चौकशी करण्यास एका कचेरींत गेला. टेबलामागच्या गृहस्थानें विचारलें, घरांत पूर्वीं कोणाचें दुकान होतें का? नाहीं म्हणतांच उत्तर मिळालें, मग कशाला वेळ घालवतोस? एवढ्यावर बोळवण. अर्ज घेतला नाहीं आणि नाकारलाही नाहीं. ह्यांतली मखलाशी ओळखा. अर्ज घेतला तर नोंद होते. नोंद झाली कीं निकाल द्यावा लागतो, निकाल विरुद्ध दिला कीं कारण लिहावें लागतें, आणि ‘हा लोहाराचा आहे’ हें कारण कोणत्याही सरकारी कागदावर लिहितां येत नाहीं. म्हणून तोंडीच वाटेस लावायचें. पूर्वीं विद्या नाकारतांना शास्त्राचा आधार तरी दाखवीत. आतां तेवढेही कष्ट घेत नाहींत. तो मुलगा घरीं येऊन बापाला म्हणाला, आपल्याला मिळत नाहीं. बापानें मान डोलविली. आम्हांला त्या कारकुनापेक्षां ह्या डोलविलेल्या मानेची काळजी अधिक वाटते.

हुन्नर एकाजवळ आणि परवाना दुसऱ्याजवळ राहिला म्हणजे काय होतें, तें बिहारांतल्या मुंगेरकडे पाहिल्यास कळेल. १७६२ च्या सुमारास बंगालचा नवाब मीर कासीम यानें राजधानी मुर्शिदाबादेहून तेथें हलविली, बंदुकांचा कारखाना घातला, आणि कारागिरांच्या पिढ्या त्या मातींत रुजल्या. स्वातंत्र्यानंतर तेथें परवान्याचे कारखाने चालले. वर्षाला किती बंदुका घडवायच्या त्याचा आंकडा सरकारनें ठरवायचा. परवाने मोजक्या मालकांचे, कारागीर मजुरीवर. मागणी घटली तसे मजूर रिकामे झाले. आज मुंगेरचें नांव वर्तमानपत्रांत येतें तें चोरट्या पिस्तुलांवरच्या छाप्यांसाठीं. छाप्यांत सांपडतो कोण? कानस धरणारा. माल नेणारा दलाल आणि तो वापरणारा बडा माणूस बहुधा दूरच राहतात. चोरट्या धंद्याची तरफदारी आम्ही करीत नाहीं. त्या पिस्तुलानें मरतो तोही पुष्कळदां गरिबाचाच मुलगा असतो. पण ज्याला समोरच्या दारानें येऊं दिलें नाहीं तो मागच्या दारानें कां गेला, असें विचारणाऱ्यानें समोरच्या दाराला कुलूप कोणी घातलें तेंही विचारावें.

कोणी म्हणेल, मास्तर घरोघर बंदुका वाटायला निघाले. मुळींच नाहीं. १९४८ च्या डिसेंबरांत घटना समितींत हरि विष्णु कामत यांनीं हत्यार बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी सूचना आणली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं तिला विरोध केला. ज्यानें त्यानें बाजारांत जाऊन हवें तें हत्यार घ्यावें अशी मोकळीक दिली तर राज्यकारभार चालणार नाहीं, असा त्यांचा मुद्दा होता. आम्हांस तो पूर्ण पटतो. अशी मोकळीक झाली तर गांवांत पहिली बंदूक कोणाच्या माडीवर जाईल आणि तिची नळी कोणत्या वस्तीकडे वळेल, हें आमच्या वाचकांना सांगायला नको. परवाना असावा, कडक असावा. पण दार ठोठावणाऱ्याची जात आणि बापाचें दुकान पाहून सैल किंवा कडक होणारा नसावा, एवढेंच आमचें मागणें.

येथें आपल्याच घरच्या थोरांनाही चार शब्द सुनावणें भाग आहे. बहुजनांत ज्यांच्या हातीं चार पैसे आले त्यांनीं पहिला शौक कोणता केला, तर बंदुकीचा परवाना काढून लग्नाच्या मांडवांत बार उडविण्याचा. कारखान्याचे संचालक, बाजार समितीचे सभापति, यांच्या वरातींत हीच तऱ्हा. २०१९ पासून, आनंदाचा बार म्हणून लोकांच्या जिवाला धोका होईल अशी गोळी झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलीच्या लग्नाला कर्ज काढायचें, वर बाराचा खर्च करायचा, आणि शेजारच्या लोहाराचा मुलगा परवान्याला सही मागायला आला कीं ‘बघूं’ म्हणायचें! ह्यांना बहुजन म्हणायला आमची जीभ अडखळते.

खरी गरज आहे ती शेतकऱ्याची. पीक राखण्यासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागतां येतो. तेरावें कलमच तें सांगतें. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्य जीवांच्या कायद्याखालीं ती वनखात्याकडून निराळी घ्यावी लागते. हा भेद शेतकऱ्याला समजावून सांगणारा, त्याच्याच बोलींत बोलणारा, उधारीच्या जाळ्यांत न ओढणारा दुकानदार तालुक्याच्या गांवीं असेल तर रात्रींच्या गोणपाटाचा प्रकार पुष्कळ कमी होईल. असा दुकानदार कोणाच्या घरांतून यायचा? पेठेंतल्या गादीवरून तो येणार नाहीं.

शाहू महाराजांनीं आपल्या कारकीर्दींत (१८९४–१९२२) मागासलेल्या जातींतल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. गंगाराम कांबळे यांनीं कोल्हापुरांत चहाचें दुकान काढलें तेव्हां स्वतः तेथें जाऊन चहा घेतला. नुसती सनद देऊन भागत नाहीं, दुकानाच्या पायरीवर कोणी तरी चढावें लागतें, हें त्या राजाला कळलें होतें. आतां राजे नाहींत. पायरी चढायची ती आपणच.

तेव्हां आधीं पांच घरांनीं मिळून भांडवलाचा विचार करावा. एकदम मोठें दुकान नको. दुरुस्तीच्या परवान्यापासून आरंभ करावा. अर्ज दिल्यावर पोंच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरूं नये. कोणी तोंडी नाहीं म्हणालें तर तेंच लेखी द्या म्हणावें, आणि तें मिळालें कीं अपिलाच्या मुदतीचे दिवस त्याच दिवसापासून मोजावे. मुलींनींही अर्ज करावे. कायद्यांत पुरुष असा शब्द घालून कोणी दार लावलेलें नाहीं. ज्यांना अर्ज लिहिण्याची अडचण असेल त्यांनीं रविवारीं सकाळीं किंवा शाळा सुटल्यावर आमच्याकडे यावें. येतांना जन्मतारखेचा दाखला, जागेचा उतारा आणि काम शिकल्याचें प्रमाणपत्र आणावें. दक्षिणा लागत नाहीं आणि मुहूर्तही लागत नाहीं. अमावास्येला आलांत तरी अर्ज लिहून देऊं.