मेन्यूकार्डाचा इतिहास आणि उष्ट्याचे साहित्य

अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या प्रवासी जहाजांविषयी लिहू लागले की बहुतेकांची लेखणी पहिल्या वर्गाच्या भोजनगृहातच रेंगाळते. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘टायटॅनिक’वर ऑइस्टरपासून बदकापर्यंत काय काय वाढले गेले, याची वर्णने असंख्य आहेत. त्याच दिवशीच्या दुपारच्या जेवणाचे पहिल्या वर्गाचे एक मेन्यूकार्ड २०१२ साली लिलावात ७६ हजार पौंडांना विकले गेले. या स्मरणरंजनाला ‘सागरप्रवासाचे सुवर्णयुग’ असे नाव देऊन तो इतिहास म्हणून मांडला जातो. त्याला आमचा विरोध आहे.

यावर ठरावीक उत्तर मिळते : तिसऱ्या वर्गाचेही काही वाईट चालले नव्हते. ते खोटे नाही. तिसऱ्या वर्गाला सकाळी ओटची लापशी आणि हेरिंग मासे, दुपारी भाताचे सूप, भाजलेले मांस, बटाटे, प्लम पुडिंग मिळे. पुष्कळांना घरीही इतके मिळत नसेल. परंतु हे औदार्य नव्हते. स्थलांतरितांच्या तिकिटांवर जहाजकंपन्यांची मोठी मिळकत अवलंबून होती आणि या प्रवाशांसाठी त्यांच्यात चुरस होती. म्हणूनच तिसऱ्या वर्गाचा मेन्यू पोस्टकार्डावर छापलेला असे. प्रवाशाने तो घरी धाडायचा आणि कंपनीची फुकट जाहिरात व्हायची. याच सातशेच्या आसपास प्रवाशांसाठी न्हाणीचे टब मात्र दोनच होते.

शिवाय हा भेद ताटापुरता नव्हता. न्यूयॉर्क बंदरात पहिल्या-दुसऱ्या वर्गाची तपासणी जहाजावरच उरकत असे. तिसऱ्या वर्गाला १८९२ पासून एलिस बेटावर रांगेत उभे राहावे लागे. माणूस कितपत विश्वासार्ह, याचा निवाडा त्याच्या तिकिटावरून आधीच झालेला असे.

साहित्याच्या अभ्यासकांना हे सारे जाणून घेण्यासाठी लिलावघरात जाण्याची गरज नव्हती. ‘ट्रेझर आयलंड’चा लेखक म्हणून आपण ज्याला ओळखतो, तो रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७९ साली ग्लासगोहून न्यूयॉर्कला ‘डेव्होनिया’ जहाजाने गेला. तळच्या वर्गाचे भाडे सहा गिनी होते. त्याने आठ गिनी मोजून दुसरा वर्ग घेतला. वरच्या दोन गिनींत अंथरूण, भांडी आणि लिहायला मेज मिळाले. ‘द अमॅच्युअर इमिग्रंट’मध्ये तो लिहितो, की संध्याकाळच्या चहाबरोबर वरच्या भोजनगृहातून आलेले मांसाचे तुकडे वाढले जात आणि ते ताटांतले खरवडलेलेच असावेत असे दिसे. ‘उष्टे’ या शब्दाचा भार मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. पण हा मजकूर त्याच्या वडिलांना आणि मित्रांना रुचला नाही. तो मागे घेतला गेला आणि लेखकाच्या मृत्यूनंतर, १८९५ साली, काटछाट होऊन छापला गेला. साहसकथा घरोघरी पोहोचली. उष्ट्याचे वर्णन मात्र सोळा वर्षे दडवले गेले. याला केवळ अभिरुचीचा प्रश्न म्हणायचे काय?

‘टायटॅनिक’वरील पहिल्या वर्गाचे सुमारे ६२ टक्के प्रवासी वाचले, तिसऱ्या वर्गाचे सुमारे २५ टक्के. ब्रिटनमध्ये लॉर्ड मर्सी यांच्या चौकशीने तिसऱ्या वर्गाला अन्यायाची वागणूक मिळाली नाही असा निष्कर्ष काढला; पण त्या वर्गातील एकाही प्रवाशाची साक्ष काढली नाही. प्रवाशांपैकी बोलावले गेले ते कंपनीचे अध्यक्ष इस्मे आणि डफ गॉर्डन पतिपत्नी. अमेरिकी सिनेटच्या चौकशीत तिसऱ्या वर्गातले मोजके प्रवासी तरी बोलले. तिसऱ्या वर्गाच्या मेन्यूवर एक सूचना असे : जेवणाबद्दल किंवा उद्धट वागणुकीबद्दल तक्रार असल्यास ताबडतोब कळवावी. लापशीबद्दल तक्रार करण्याची सोय होती. बुडाल्याबद्दलची तक्रार ऐकायला कोणी नव्हते.

प्रवासवर्णन शिकवताना आपण शैली, निसर्गचित्रण, लेखकाचे व्यक्तिमत्त्व यांविषयी भरभरून बोलतो. तो कोणत्या मजल्यावर झोपला, काय जेवला आणि त्याच्या पायांखाली कोण झोपले होते, हे प्रश्न आपण समाजशास्त्राकडे ढकलून मोकळे होतो. आमच्या मते ते प्रथम साहित्याचे प्रश्न आहेत, कारण कुणाचे म्हणणे कागदावर उतरले आणि कुणाचे उतरले नाही, हे त्यांवरूनच ठरते.