अंगणातला हौद

भगिनींनो, नळ दिवसाआड येतो म्हणून आपण दारात हौद बांधतो. पण एकदा भरला की वरून पाणी ओतत राहायचे, तळ महिनोन्‌महिने बघायचा नाही, अशी रीतच पडून गेली आहे. याच स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. त्याची अंडी पाण्याच्या कडेला भिंतीला चिकटतात आणि हौद कोरडा पडला तरी कित्येक महिने जगतात. म्हणून नुसते पाणी सोडून भागत नाही. आठवड्यातून एकदा, पाणी तळाला गेले की, उरलेले धुण्याला काढावे आणि भिंती काथ्याने खसाखसा घासाव्यात. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. तेवढ्यात आपण त्याला गाठायचे. हे काम घरातल्या पुरुषांनीही करावे, पाणी तेही पितात!

पिण्याच्या पाण्याला टीसीएल पावडर. १००० लिटरला चांगली ताजी पावडर अडीच ग्रॅम पुरते. गढूळ पाण्याला जास्त लागते. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी तेवढी हौदात ओतावी, आणि तासभर पाण्याला हात लावू नये. पुडा उघडा राहिला की पावडरीचा जोर जातो.

एक मात्र आम्ही बजावून सांगतो. हौद चकचकीत व्हावा म्हणून टीसीएलमध्ये संडासाचे अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि हौदात उतरलेल्याचा जीव गुदमरतो.