जनुकांचा सातबारा कुणाच्या नावावर?



अंडाशयाच्या कॅन्सरवर देतात ती कार्बोप्लॅटिनसारखी औषधे पेशीतला डीएनए मोडतात. तो दुरुस्त करणारे बीआरसीए जनुक बिघडलेले असेल, तर कॅन्सरच्या पेशी सहसा या औषधापुढे टिकत नाहीत. ओलापॅरिबच्या गोळ्याही अशाच बायकांना जास्त लागू पडतात. म्हणून जनुकाची तपासणी हवी.

अमेरिकेत मिरियाड कंपनीने या जनुकांवर पेटंट घेतले. तपासणी ३,००० डॉलरच्या वर गेली. पेशंट बायका, स्त्री-संघटना, शास्त्रज्ञ कोर्टात गेले. २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निसर्गातल्या डीएनएवरचे पेटंट नाकारले.

पण पैशाअभावी तपासणी आणि गोळ्या मिळत नसतील, तर जिंकलेला हक्क कागदावरच राहतो. सरकारी दवाखान्यात दोन्ही मोफत मिळालेच पाहिजे, ही मागणी मी आपल्या सर्वांपुढे ठेवते आहे.