समुद्राशी आपला संबंध काय?

‘समुद्राच्या तळाचा नकाशा? नागपूरकराला त्याचे काय?’ असे आमचे काही विद्वान स्नेही मला विचारतात. माझा त्यांना उलट सवाल आहे: देहरादूनला तरी समुद्र कुठे आहे? तरीही भारताच्या समुद्राचे नकाशे काढणारे नौदलाचे जलसर्वेक्षण कार्यालय त्याच गावी, हिमालयाच्या पायथ्याशी आहे!

पाणी उजेड गिळते, नाद मात्र वाहून नेते; सेकंदाला सुमारे 1500 मीटर. जहाजावरून सोडलेला नाद तळावर आपटून सेकंदाच्या पन्नासाव्या भागात परतला, की खोली 15 मीटर समजावी. हेच सोनार.

डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी 2024 साली झाली. ती जागा निवडली गेली किनाऱ्यालगतच्या सुमारे 20 मीटर खोलीमुळे. जहाजांसाठी तळ मोजावा, जरूर मोजावा. पण मासळीच्या आसऱ्याचे खडक आणि कोळ्यांच्या जाळ्यांच्या जागाही त्याच नकाशात हव्यात. आणि तो नकाशा मराठीतून कोळीवाड्यात लागला पाहिजे, असे माझे ठाम म्हणणे आहे.

हे सांगायचे कोणाला? वाचकहो, 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन आपल्याच दारी भरते. समुद्राचे प्रश्न संत्र्यांच्या या गावी मांडले जातात. अशा वेळी ‘आम्हांला काय त्याचे?’ म्हणणे हा भोळेपणा नव्हे, शुद्ध कामचुकारपणा होय!