मत सगळ्यांचं सारखं, मग ताबा काहींचाच का?

सप्टेंबर जवळ आला की सातारा-सांगलीत वार्षिक सभांचा मोसम सुरू होतो. साखर कारखाना, दूध संस्था, पतसंस्था, बँक. घरी अहवाल येतो, आपण त्यातले फोटो बघतो आणि तो रद्दीत जातो. सभेत विषय वाचला जातो, पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज उठतो, चहा-नाष्टा होतो, लोक घरी जातात. या गप्प बसण्याची किंमत काय, हे समजायला आपल्याच राज्यातल्या कारखान्यांवर झालेलं संशोधन उपयोगी पडतं. जगभरचे अभ्यासक ते वाचतात. आपल्या घरांपर्यंत मात्र ते पोचलेलं नाही.

2019 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि त्यांचे तीन सहकारी दिलीप मुखर्जी, कैवन मुन्शी, देबराज राय यांचा हा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातल्या जवळपास 100 सहकारी साखर कारखान्यांची 1971 ते 1993 या काळातली आकडेवारी त्यांनी तपासली.

सहकारात एका सभासदाला एकच मत. वीस एकरवाला असो नाहीतर एक एकरवाला. उसाचा दरही सगळ्यांना सारखा. मग मोठ्याला जादा फायदा मिळणार कुठून? संशोधकांचं उत्तर असं: दर कमी ठेवायचा आणि कारखान्याकडे उरलेला पैसा कुठे वळवायचा हे सूत्रं हातात असणाऱ्यांनी ठरवायचं. कमी दराचा फटका मोठ्या शेतकऱ्यालाही बसतो, पण उरलेल्या पैशावर ताबा असल्याने त्याचं नुकसान भरून निघतं. लहानाचं निघत नाही. जिथे लहान-मोठ्यांतली दरी जास्त, तिथे दर कमी आणि कारखान्याची गाळप क्षमताही कमी, असं त्यांना आढळलं. पण लहान शेतकरी फार मोठ्या बहुमतात गेले की दर पुन्हा चढतो.

संदीप सुखटणकर यांचा 2012 चा अभ्यास याच्या पुढचा आहे. राज्यातल्या बऱ्याच कारखान्यांचे अध्यक्ष स्वतः निवडणूक लढवतात. अशा राजकीय ताब्यातल्या कारखान्यांत निवडणुकीच्या वर्षी शेतकऱ्याला दर कमी मिळतो, असं त्यांनी दाखवलं. उमेदवार निवडून आला तर नंतर थोडीफार भरपाई होत असल्याच्या खुणाही त्यांना दिसल्या.

म्हणजे सहकार वाईट का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र राहिली, एकत्र जेवली. कारखान्यांनीही शाळा-कॉलेजं उभी केली, गावाला रोजगार दिला. मुद्दा एवढाच की संस्था बिघडायला माणूस बेइमानच असावा लागतो असं नाही. विचारणारं कुणी नसलं की संस्था हळूहळू बलवानाकडे झुकते.

आता आपल्या घरचं बघू. आपल्यातल्या बऱ्याच घरांकडे ऊस नाही. पण पतसंस्थेत ठेव आहे, जमातीत नाव आहे, मुलं ट्रस्टच्या शाळेत आहेत, जकातीचा हिस्सा बैतुलमालमध्ये जातो. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्या घरांसाठी ही मोठी गोष्ट. पण असं मानांकन कुणा एका दुकानाचं नसतं, ते त्या भागातल्या कारागिरांचं सामायिक असतं. त्याचा फायदा दुकानदारापर्यंतच राहणार की भोपळा कोरणाऱ्या हातापर्यंत पोचणार, हे कारागिरांची संघटना कशी चालते यावर ठरेल. प्रश्न तोच, उसाच्या जागी सतार.

आम्ही शिक्षक मंडळी वर्गात ‘एक सभासद, एक मत’ हे पाठ करून घेतो. पोरं परीक्षेत बरोबर लिहितात. पण मत पाच वर्षांतून एकदा, आणि पैसा रोज फिरतो. म्हणून आमच्या मते मताइतकाच प्रश्न विचारण्याचा हक्क मोलाचा. आपल्याकडे तर मशवरा आणि अमानत हे दोन्ही शब्द घराघरात आहेत. अमानतीचा हिशेब मागणं म्हणजे कुणावर शक घेणं नव्हे. चांगल्या पदाधिकाऱ्याला त्यातून बळच मिळतं.

करायचं काय? फार अवघड नाही. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत सहकारी संस्थेला वार्षिक सभा घ्यावी लागते. त्या सभेला जा, बायकांनीही जावं, त्याही सभासद आहेत. अहवालातली तीन पानं आधी वाचा: नफा-तोटा, ताळेबंद, लेखापरीक्षकाचे शेरे. थकबाकी किती, मोठी कर्जं किती जणांकडे अडकली, एवढं विचारा. एकट्याला संकोच वाटतो, म्हणून चार-पाच जणांनी मिळून लेखी प्रश्न द्या आणि पोच घ्या. जमातीच्या ट्रस्टने जमा-खर्च दर सहा महिन्यांनी मस्जिदच्या फलकावर लावावा, अशी मागणी अदबीने करा.

लहान सभासदांची संख्या प्रत्येक संस्थेत जास्तच असते. ती सभेत दिसली आणि बोलली, तरच तिचं वजन पडेल.