विमानाचे अंतर आणि प्रवाशाचा वेळ

दोन गावांमधील अंतर किलोमीटरमध्ये मोजले जाते. प्रवाशास मात्र ते तासांत भोगावे लागते. कोल्हापूर-मुंबई विमानसेवेची चर्चा बहुधा या दोन मापांची गल्लत करूनच होते. या दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे 310 किलोमीटर आहे. ताशी 500 किलोमीटर वेगाच्या लहान विमानास ते चाळीस मिनिटांहून कमी वेळात कापता यावे; वेळापत्रकात मात्र तासाभराचा हिशेब धरावा लागतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात उतरण्याची पाळी येणे यांस लागणारा वेळ अंतर कमी झाले म्हणून कमी होत नाही. खर्चाचेही तसेच. अंतर जितके थोडे, तितका हा स्थिर बोजा भारी.

शिराळ्याच्या प्रवाशाचा हिशेब मांडून पाहावा. पेठ नाक्यावरून महामार्गाने उजळाईवाडीचा विमानतळ साधारण 60 किलोमीटर. तेथवर दीड तास, उड्डाणापूर्वी दीड तास, विमानात एक तास आणि मुंबईत उतरून मंत्रालय गाठण्यास आणखी दीड तास. एकूण साडेपाच तास. रात्रीच्या बसला आठेक तास लागतात. बचत झाली अडीच तासांची. पण बसचे तास झोपेचे असतात, विमानाचे कामाचे. व्यापारी वा कारखानदार यांस ही बचत मोलाची वाटेल. शिक्षकास वा कारकुनास ती क्वचितच परवडेल.

नागपूरची गोष्ट वेगळी. कोल्हापूरहून सरळ रेषेत नागपूर सुमारे 700 किलोमीटर. परंतु महाराष्ट्र एक्सप्रेस पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घेत जाते आणि एक दिवस-रात्र त्यातच खर्ची पडते. 1953 च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन जेथे भरते, त्या शहराशी दक्षिण महाराष्ट्राचा संबंध इतका दुष्कर असावा, हे भूषणावह नव्हे. येथे विमान तास नव्हे, दिवस वाचविते.

लहान विमानतळ जोडण्यासाठी केंद्र सरकारने 2016 मध्ये 'उडान' योजना जाहीर केली. सुमारे तासाभराच्या प्रवासाला 2,500 रुपये भाडे, निम्म्या आसनांवर ही सवलत आणि विमान कंपनीस तीन वर्षे तूट भरून देणे, असे तिचे मूळ स्वरूप. कोल्हापूर-मुंबई सेवा या योजनेखाली डिसेंबर 2017 मध्ये सुरू झाली. पुढे ती खंडित झाली, कंपन्याही बदलल्या. हा अनुभव एकट्या कोल्हापूरचा नाही. महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालानुसार पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 मार्गांवर सेवा सुरूच झाली नाही. सुरू झालेल्या 371 पैकी 112 मार्गांनीच तीन वर्षांची मुदत पूर्ण केली आणि त्यानंतर मार्च 2023 पर्यंत 54 मार्ग टिकले.

अनुदान संपताच विमान थांबत असेल, तर मागणीचा अंदाजच चुकलेला असतो. कोल्हापूरच्या नव्या टर्मिनल इमारतीचे उद्‌घाटन मार्च 2024 मध्ये झाले. इमारत उभी राहिली म्हणून प्रवासी निर्माण होत नाही. कोणत्या मार्गावर दर रुपयामागे प्रवाशाचा किती वेळ वाचतो, हीच मार्गनिवडीची कसोटी असावयास हवी. तसे झाल्यास जवळच्या मुंबईपेक्षा दूरच्या नागपूरचे पारडे जड ठरेल.

अंतर कमी करण्याचा आणखी एक मार्ग आहे. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. सांगली जिल्ह्याचा त्याच्या कार्यक्षेत्रात समावेश असल्याने शिराळ्याच्या पक्षकाराची मुंबईवारी टळली. त्यासाठी त्यास विमानाचे तिकीट काढावे लागले नाही. जी कामे कागदपत्रांसाठी माणसाला राजधानीत खेचून नेतात, ती जिल्ह्यातच उरकतील अशी व्यवस्था झाली, तर वाचणारे तास सर्वांचे असतील. विमानाने वाचणारे तास तिकीट परवडणाऱ्यांचेच राहतात. सार्वजनिक पैसा खर्च करताना हा भेद विसरता कामा नये.