वाळवीला कंबर कुठे आहे?

पहिला पाऊस पडला की मगरिबच्या सुमारास दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते. आपण घाईने दिवा मालवतो आणि सकाळी केरसुणीने पंखांचा ढीग लोटतो. "मुंग्यांना पंख फुटले," असे घरोघरी म्हणतात. आम्हीही वर्षानुवर्षे वर्गात वाळवीला 'पांढरी मुंगी' म्हणत आलो. यंदा सातवीतल्या एका मुलीने काडेपेटीतून एक मुंगी आणि एक वाळवी आणली. तिचा प्रश्न साधा होता, "हिला कंबर कुठे आहे?"

भिंग काढले. मुंगीची कंबर दोऱ्याने आवळल्यासारखी. वाळवीची छाती आणि पोट सलग. मुंगीच्या मिशा कोपरातून वाकलेल्या, वाळवीच्या तसबीहच्या मण्यांसारख्या सरळ. पंखवाल्या मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान असतात. वाळवीचे चारही जवळजवळ सारखे. खरा फरक तर वाढीत आहे. मुंगी अळी आणि कोष या अवस्थांतून जाते. वाळवीचे पिलू अंड्यातून निघते तेच लहानशी वाळवी होऊन. झुरळाचेही असेच असते.

झुरळ मुद्दाम आठवले. लिनियसने १७५८ साली वाळवीला उवा-पिसवांबरोबर बिनपंखी गटात टाकले होते. पुढे सारख्या पंखांवरून तिला 'आयसॉप्टेरा' असा स्वतंत्र गण मिळाला. २००७ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील संशोधकांनी जनुके तपासून दाखवले की वाळवी झुरळांच्याच वंशवृक्षाची फांदी आहे. आज ती झुरळांच्या गणातच मोजली जाते. तिचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे 'क्रिप्टोसर्कस' हे लाकूड खाणारे झुरळ. ते ओंडक्यात पिलांसह कुटुंब करून राहते, आणि लाकूड पचवणारे त्याच्या पोटातले सूक्ष्म जीव वाळवीच्या अनेक जातींतल्या जीवांचेच भाईबंद आहेत. ऑस्ट्रेलियातली एक वाळवी तर आजही झुरळासारखी अंडी एकत्र चिकटवून घालते.

उत्क्रांती हा शब्द निघाला की काही पालक पुस्तक मिटायला सांगतात. आमची विनंती एवढीच, मुलांना आधी भिंगातून पाहू द्या. हजरत सुलैमान (अ.स.) यांच्या हकीगतीत मुंगी 'नम्ल' आहे, आणि त्यांची काठी पोखरणारा जीव 'दाब्बतुल अर्ज', बहुतेक मुफस्सिर त्याला वाळवीच मानतात. यातून आजचे जीवशास्त्र काढायचे नाही. पण शब्द दोन असताना आम्ही दोघींना एकच मुंगी करून टाकले, हे खरे.

या चुकीची किंमत घरात मोजावी लागते. मुंग्यांची पावडर दाराशी ओढून आम्ही निर्धास्त राहिलो. वाळवी मात्र भिंतीवरच्या मातीच्या नळीतून, उजेडात न येता, अब्बांच्या पुस्तकांच्या ट्रंकेत पोहोचली. वरच्या जिल्दी शाबूत होत्या. उघडल्या तेव्हा आत मातीच होती. मुंग्या तर उलट वाळवीच्या कट्टर शत्रू, आणि आम्ही त्यांनाच हाकलत होतो! तेव्हा घरात चौकटीपाशी गळलेल्या पंखांचा ढीग दिसला, तर केर म्हणून लोटण्याआधी दोन पंख शेजारी ठेवून मापून पाहा. सारखे निघाले, तर त्याच दिवशी ट्रंक उघडा.